फाटकासाठी गाई

मनुष्य आणि गाय यांच्यातला मूलभूत फरक हा, की मनुष्याला अरुंद जागेत वळता येतं. भाषा, विवेक, लज्जा वगैरे फरक नंतरचे आणि वादग्रस्त आहेत. वळण्याबद्दल मात्र दुमत नाही. निदान इंग्लंडच्या उत्तरेला तरी नाही. आमच्याकडे नदीकाठच्या पायवाटांवर जी अर्धगोल फाटकं असतात, ती सगळी याच तत्त्वावर उभी आहेत. लोखंडी कठड्याचं अर्धवर्तुळ, आणि त्यात झुलणारं एक दार. माणसाने आत शिरायचं, पोट आत ओढायचं, दार आपल्या अंगावरून पलीकडे सारायचं आणि वळून बाहेर पडायचं. गाईला हे जमत नाही. ती लांब असते, आणि स्वतःला मागे घ्यायची तिला सवय नसते.

या व्याख्येप्रमाणे जुळ्यांची बाबागाडी ढकलणारी बाई गाय ठरते. हे कोणी मुद्दाम ठरवलेलं नाही. मोजमाप घेतलं की ते आपोआप तसं निघतं.

थ्रमडेल कंट्री पार्क ही आमच्या गावाची शान आहे. थ्रम नदी, तिच्यावर जुन्या सूतगिरणीचा बंधारा, आखलेल्या तीन पायवाटा (लाल, निळी आणि 'तूर्त बंद'), शेदोनशे हंस, एक खंड्या आणि एक पाणमांजर, एवढा पार्कचा संसार आहे. खंड्या निळ्या वाटेवर दिसतो असं फलकावर लिहिलं आहे. फलकावर त्याचं चित्रही आहे, त्यामुळे तिथवर गेलेला माणूस अगदीच निराश होऊन परतत नाही. पाणमांजर कोणी पाहिलेलं नाही. त्याची विष्ठा पाहिली आहे, आणि शेजारी म्हणून तेवढी ओळख पुरे, असं मित्रमंडळाचं मत आहे.

मित्रमंडळ म्हणजे 'थ्रमडेल पार्क मित्रमंडळ'. पार्क नगरपालिकेचा असला तरी त्याची काळजी वाहण्याचं काम मंडळ करतं. दर शनिवारी सकाळी मंडळी रबरी बूट घालून जमतात आणि काठावर माजलेला तेरडा उपटतात. हा तेरडा मूळचा हिमालयातला. कोणा हौशी माणसाने तो बागेसाठी आणला आणि मग तो हाताबाहेर गेला. परकी झाडं इथल्या मातीत बसत नाहीत, हे तो मुळांसकट उपटताना एकमेकांना समजावून सांगावं लागतं. उपटून झालं की सगळ्यांना चहा मिळतो. चहाही तिकडचाच, पण त्याबद्दल मंडळाची काही तक्रार नाही.

मंडळाच्या अध्यक्ष मॉरीन एंटविसलबाई. शाळेच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली, आणि अजूनही समोरचा माणूस उशिरा आलाय अशाच नजरेने त्या बघतात. मनाने चांगल्या आहेत. गावात कोणाकडे मूल झालं की त्यांनी विणलेलं टोपडं पोचतं. केरी-अ‍ॅन हॅलिवेलकडे दोन पोचली होती.

केरी-अ‍ॅनचं घर पार्कच्या मोटारतळाला लागून आहे. तिची जुळी, विल्फ आणि एडी, ही हकिगत सुरू झाली तेव्हा पाच महिन्यांची होती आणि झोपत नव्हती. म्हणजे अजिबात नाही असं नाही. एक झोपायचं तेव्हा दुसरं उठायचं. पहारा बदलावा तसं. दोघं एकाच वेळी झोपतात अशी जगात एकच जागा सापडली होती, ती म्हणजे बंधाऱ्याशेजारचं बाकडं. नवऱ्याची रजा होती तेव्हा दोघांनी एकेक बाळ छातीशी घेऊन फेरी मारली होती, आणि पाणी पडण्याचा तो अखंड हुंकार कानावर येताच आधी एडी निजली, मग विल्फ, मग नवरा. केरी-अ‍ॅन एकटीच जागी राहिली. हे सुख कोणीतरी बघायला हवं म्हणून.

मग रजा संपली. नवरा बिस्किटांच्या कारखान्यात पाळीवर गेला. दोन्ही बाळं अंगाला बांधू नका, असं डॉक्टरांनी टाके बघून सांगितलं. राहिली बाबागाडी. आणि घर आणि बंधाऱ्याकडचं कुरण यांच्यामध्ये तसलं एक अर्धगोल फाटक होतं.

तिने उपाय केले नाहीत असं नाही. बंधाऱ्याचा आवाज फोनवर भरून आणून घरी लावला. विल्फने डोळे उघडून फोनकडे असं पाहिलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाता येतं, पण तिथे पदपथ नाही आणि दगडखाणीचे ट्रक आहेत. शेवटी तिने रेंजरला विचारलं. रेंजर म्हणजे डेझमंड क्रॉम्प्टन. नगरपालिकेचे चार पार्क त्याच्या एकट्याच्या गळ्यात आहेत, त्यामुळे तो नेहमी दुसऱ्या एखाद्या पार्कमधून नुकताच आल्यासारखा दिसतो.

"सोपं आहे," डेझमंड म्हणाला. "आधी एकाला पलीकडे नेऊन ठेव. मग परत येऊन दुसऱ्याला ने. मग गाडी मिटून आण."

"पहिल्याला कुठे ठेवू?"

"गवतावर."

"आणि मी दुसऱ्याला आणायला आले की त्याच्याकडे कोण बघणार?"

डेझमंडने प्रामाणिकपणे विचार केला. "बगळा असतो तिथे बऱ्याचदा," तो म्हणाला.

केरी-अ‍ॅनने फाटक रुंद करावं असा अर्ज मंडळाकडे दिला. तो पार्कच्या उपाहारगृहात भरलेल्या बैठकीत विचारात घेतला गेला. (बैठक उपाहारगृहात का? तिथे पायऱ्या नाहीत म्हणून. मंडळ या बाबतीत फार जागरूक आहे.) केरी-अ‍ॅन दोन्ही बाळांना घेऊन आली होती. एडी टेबलावरची साखरेची पुडी चोखत होती.

"हे फाटक नेमकं कशासाठी आहे, मॉरीन?" केरी-अ‍ॅनने विचारलं.

"कुरणातल्या गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून."

"पण कुरणात गाई नाहीतच. माझ्या जन्माआधीपासून नाहीत."

"ते असू दे. फाटक लागल्यापासून एक तरी गाय बाहेर गेली का?"

"गाईच नाहीत म्हटल्यावर कशी जाईल?"

"म्हणजे नाही गेली," मॉरीनबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्यांकडे पाहिलं. "काम करतंय म्हणजे फाटक." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघ पोरी, मी चार पोरं वाढवली याच फाटकातून ये-जा करत. आमचा ब्रायन गाडी उचलून वरून द्यायचा पलीकडे."

"मग ब्रायनना पाठवता का उद्या सकाळी?"

"ब्रायन जाऊन खूप वर्षं झाली, बाळा."

आमच्याकडे असं उत्तर आलं की चर्चा संपते. सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं. केरी-अ‍ॅनने माफी मागितली. अर्ज फाइल झाला.

प्रकरण तिथेच मिटायचं, पण अर्जाची एक प्रत नगरपालिकेच्या पायवाट विभागाला गेलेली होती. तिथे कोणीतरी ती वाचली. (असं होऊ शकतं याची मंडळाला कल्पना नव्हती.) उत्तर आलं ते असं: सार्वजनिक पायवाटेवर फाटक घालायला कायद्याने एकच कारण चालतं, ते म्हणजे गुरं अडवणं. गुरं नसतील तर फाटक हा अडथळा ठरतो. सबब पुढच्या वसंतापर्यंत फाटक काढावं, किंवा गुरं असल्याचं दाखवावं.

मंडळात जी खळबळ उडाली ती मी वर्णन करू शकत नाही. तेरडा उपटायचा एक शनिवार चुकला, एवढं सांगितलं की पुरे. त्या फाटकाला मंडळाने तीनदा हिरवा रंग दिला होता. पहिल्या रंगकामाच्या फोटोत सगळ्यांचे केस काळे होते. गावात गिरणी राहिली नव्हती, टपाल कचेरी राहिली नव्हती. बँकेच्या जागी नखं रंगवायचं दुकान आलं होतं. फाटक तेवढं शिल्लक होतं, आणि आता ते काढायला निघाले होते, तेही कोणाच्या तरी झोपेसाठी.

खजिनदार नॉर्मन हिंडल म्हणाले, "मग आता दोनच मार्ग. फाटक काढा, नाहीतर गाई आणा." आणि ते हसले.

सभेत विनोद करू नये. ते इतिवृत्तात जातात. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून दाखवलं तेव्हा त्यात हसल्याचा उल्लेख नव्हता, फक्त सूचना होती. तिला मॉरीनबाईंनी अनुमोदन दिलं आणि ती मंजूर झाली. तटस्थ एकच राहिले, नॉर्मन.

यानंतरचं सगळं रीतसर झालं. जनमत घेतलं. प्रश्न होता, 'आपल्या कुरणात पुन्हा गाई चरताना पाहायला आवडेल का?' आणि शेजारी वासराचं चित्र होतं. शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी होकार दिला. उरलेल्या सहांपैकी चौघांना वाटलं होतं की प्रश्न गाडी उभी करण्याबद्दल आहे. केरी-अ‍ॅननेही होकारच दिला. तिला गाई आवडतात. मग एका तज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं की गाई चरल्या की गवत माजत नाही, रानफुलं वाढतात, फुलपाखरं येतात. हे अगदी खरं आहे, आणि आयतंच खरं कारण हाती लागल्याने मंडळींना फार बरं वाटलं.

वसंतात सहा गाई आल्या. काळ्या, केसाळ, पोटाभोवती पांढरा पट्टा. जणू टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर आल्यात. शाळेतल्या मुलांनी मतं देऊन त्यांची नावं ठेवली: डॉरीन, बिस्किट, काउंटेस, शॅरन, मंगळवार आणि छोटी डॉरीन. (सातवं सुचवलेलं नाव 'बर्गर' होतं. ते समितीने वगळलं.) प्रत्येकीच्या गळ्यात एक यंत्र बांधलं. गाय कुरणाच्या कडेला आली की ते शिट्टी वाजवतं आणि गाय माघारी फिरते. त्यामुळे गाई फाटकाच्या आसपासही फिरकत नाहीत. फाटक सुरक्षित राहिलं.

गाईंवर लक्ष ठेवायला स्वयंसेवक हवे होते, तर गावातली अर्धी निवृत्त जनता पुढे आली. पिवळं जाकीट मिळणार म्हटल्यावर आमच्याकडे माणसं कुठेही उभी राहतात.

अडचण एकच आली. गाई ट्रेलरमधून येतात, आणि ट्रेलर अर्धगोल फाटकातून जात नाही. म्हणून जुन्या फाटकाच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, नवं फाटक बसवलं. बारा फूट रुंद, एका बोटाने ढकललं तरी उघडणारं. बसवायला एक दुपार पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरी-अ‍ॅन बाबागाडी घेऊन त्या फाटकासमोर उभी होती. त्याला आकड्यांचं कुलूप होतं. डेझमंड तिथेच होता.

"उघडतोस का जरा?"

"हे गाईंसाठी आहे, केरी-अ‍ॅन."

"गाई आत गेल्या ना? आता कोणी वापरत नाहीये."

"गाईंना परत जायचं असेल तर लागेल."

"कधी जाणार आहेत?"

"ऑक्टोबरात."

केरी-अ‍ॅनने डोळे मिटले. त्या दिवसांत तिने डोळे मिटले की ती झोपली की काय असं समोरच्याला वाटायचं. "डेझ, मी गाय असते तर तू मला आत सोडलं असतंस?"

"तसं नाही," डेझमंड म्हणाला. "तुला ट्रेलरमधून यावं लागलं असतं."

मग काहीशा संकोचाने, आणि इकडेतिकडे बघून, त्याने सांगितलं की कुलपाचा आकडा फक्त गाईंवर लक्ष ठेवणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांना देता येतो. केरी-अ‍ॅनने त्याच दिवशी नाव नोंदवलं.

प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं होतं. गाय जवळ आली तर पळू नये, ओरडू नये, शांत उभं राहावं, हे सांगत असताना विल्फ आणि एडी सलग ओरडत होती, त्यामुळे वर्गाला चांगला सराव झाला. केरी-अ‍ॅन उत्तीर्ण झाली. तिला पिवळं जाकीट आणि आकडा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बारा फुटी फाटक एका बोटाने ढकललं आणि बाबागाडी सरळ, न वळता, कुठेही न अडता, कुरणात नेली.

बंधाऱ्यापाशी पोचेपर्यंत एडीची मूठ सुटली होती. झोप येते तेव्हा एडीची आधी मूठ सुटते, मग भुवया, मग उरलेली एडी. विल्फने सवयीप्रमाणे एक डोळा उघडा ठेवून पाण्याकडे थोडा वेळ पाहिलं. खरं पाणी आहे याची खात्री पटल्यावर तोही मिटला. केरी-अ‍ॅन बाकड्यावर बसली. या खेपेला कोणी जागं राहायला हवं, असं तिच्या मनातही आलं नाही.

ती झोपलेली असताना गाई आल्या. गाईंना चाकांचं कुतूहल असतं. डॉरीनने बाबागाडीचा टप हुंगला. छोटी डॉरीन खाली बसली. मग एकेक करून सगळ्याच बसल्या, गाडीभोवती कोंडाळं करून, रवंथ करत. मंगळवारने हनुवटी बाकड्याच्या हातावर टेकली. नियमाप्रमाणे पाहिलं तर हे काम अतिशय चोख चाललं होतं: सहाही गाई स्वयंसेवकाच्या नजरेच्या टप्प्यात होत्या, फक्त नजर मिटलेली होती.

कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी त्याचा फोटो काढला आणि गावाच्या फेसबुक गटावर टाकला. दुपारपर्यंत तीनशे बदाम आले. 'किती गोड.' 'डोळ्यांत पाणी आलं.' 'हेच आपलं थ्रमडेल.' आणि त्यांच्या खाली एकाने विचारलं, 'याचं जोखीम मूल्यमापन झालं आहे का?'

हा प्रश्न आमच्याकडे एकदा विचारला गेला की विचारला गेला. मूल्यमापन झालं. जोखमी तीन निघाल्या: पाणी, गाई आणि बाबागाडी. पाणी हलवता येत नाही, ते पार्कच्या आधीपासून आहे. गाई हलवल्या तर फाटक बेकायदा ठरतं. उरली बाबागाडी. आठवडाभरात दोन्ही फाटकांवर पाटी लागली: 'आत गुरे आहेत. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी बाबागाड्यांना मनाई.' जुन्या फाटकावर या पाटीची तशी गरज नव्हती, पण मंडळ भेदभाव करत नाही.

केरी-अ‍ॅनकडून आकडा परत घेता येत नाही, म्हणून आकडा बदलला. तिला 'महिन्याची उत्कृष्ट स्वयंसेविका' म्हणून गौरवलं. तो गाईंसोबतचा फोटो आता पार्कच्या माहितीपत्रकावर आहे. बाबागाडी तेवढी कापली आहे.

हे सगळं सांगायला मॉरीनबाई स्वतः तिच्या घरी गेल्या, लिंबाचा केक घेऊन.

"रागावू नकोस गं पोरी."

"रागावले नाहीये, मॉरीन. झोपले नाहीये."

"हे दिवस कसे भुर्रकन जातात, कळणारही नाही तुला."

"दिवस जातात हो. रात्रीचं काय ते सांगा."

मॉरीनबाईंनी एडीला उचलून घेतलं आणि खांद्यावर टाकून त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. एडी त्यांच्या कानात रडत होती. "फुप्फुसं चांगली आहेत हिची," त्या म्हणाल्या. मग तिची पाठ थोपटत म्हणाल्या, "फाटकाचा विषय पुढच्या वर्षीच्या शरदातल्या बैठकीत घेऊ, शब्द देते. आणि तोवर तर ही चालायला लागेल."

हिशेब बरोबर होता. मॉरीनबाईंनी आजवर कोणाला खोटा शब्द दिलेला नाही.

हल्ली केरी-अ‍ॅन रोज सकाळी बाबागाडी घेऊन फाटकाच्या अलीकडे येऊन थांबते. वारा पश्चिमेकडून असला तर बंधाऱ्याचा आवाज तिथवर पोचतो, आणि तेव्हा दोघं झोपतात. वारा फिरला की उठतात. शेजारचं बारा फुटी फाटक बंद असतं. लोक तिला वळसा घालून अर्धगोल फाटकात शिरतात, 'सॉरी' म्हणतात, बाळांकडे वाकून बघतात आणि कुजबुजत सांगतात की फार गोड आहेत हो. त्यांत तुम्हीही होतात. तुम्ही तर दारही धरून ठेवलंत, सवयीने, आणि ती आत येत नाही म्हटल्यावर सोडलंत.

मंडळाच्या वार्षिक अहवालात बाबागाडीची नोंद 'प्रश्न आपोआप सुटण्याच्या मार्गावर' अशी आहे. अनुभवही तसाच आहे. मूल चालायला लागलं की आईची तक्रार थांबते, कारण चालणाऱ्या मुलाची आई तक्रार लिहायला एका जागी बसूच शकत नाही. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांच्याही तक्रारी असतात. त्यांना जरा जास्त वेळ द्यावा लागतो, पण त्याही थांबतात; तिथे मंडळाला काहीच करावं लागत नाही.

फाटकाविषयी पूर्ण समाधानी असणारे लोक म्हणजे ज्यांची बाबागाडी सुटली आहे आणि जे खुर्चीत अजून बसलेले नाहीत. सध्या तुम्ही त्यांच्यात आहात. तुमचा होकार मंडळाने धरलेला आहे. वेगळा कळवायची गरज नाही. पुढेमागे मत बदललं तर जरूर लिहा. मंडळ थांबायला तयार आहे.